देवाचा दिवा अजून विझला नव्हता

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकरोडहून एका भगिनीचे पत्र आले. त्यांची आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, नाशिकच्या शरणपूरच्या प्रोटेस्टंट मंडळीत लहानाची मोठी झालेली. काचबिंदूचे निदान उशिरा झाले आणि गेल्या आठ महिन्यांत दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. खिडकीकडे तोंड केले की दिवस आहे एवढेच आता कळते. वर्षानुवर्षे पहाटे साडेचारला उठून टेबलावरचा दिवा लावायचा, पवित्र शास्त्र (बायबल) उघडायचे आणि एक स्तोत्र वाचून मगच चहाचे आधण ठेवायचे, हा त्यांचा नेम होता. पत्रातला पुढचा भाग त्या भगिनींच्याच शब्दांत देतो :

“गेल्या महिन्यात घरच्या प्रार्थनेत सत्ताविसावे स्तोत्र निघाले. ‘परमेश्वर माझा प्रकाश’ ही ओळ आली आणि आई उठून भिंत चाचपत आत निघून गेली. रात्री मला म्हणाली, ‘ज्याला दिसतं त्यानं म्हणावं ते.’ मला काही बोलता आले नाही. प्रार्थनेला आलेल्या एका बाई जाताना म्हणाल्या, की विश्वास पक्का असता तर डोळे गेले नसते. थेंब आता कशाला घालायचे, असे आईही म्हणू लागली आहे. माझे सासर कॅथलिक आहे. ईस्टरच्या आदल्या रात्री आमच्या चर्चमध्ये प्रत्येकाच्या हाती पेटती मेणबत्ती असते. सातवीतला माझा मुलगा हट्ट धरून बसला आहे, की आजीलाही न्यायचे. पण आईचा हात थरथरतो, आणि ज्याला दिसत नाही त्याच्या हाती मेणबत्ती देणे ही तिची थट्टा तर होणार नाही ना? मुळात ख्रिस्ती माणूस ‘प्रकाश’ म्हणतो तेव्हा त्याला काय म्हणायचे असते, आणि ते माझ्या आईला लागू पडते का?”

प्रिय भगिनी,

आईंच्या त्या वाक्याला तुमच्याकडून उत्तर गेले नाही, हे बरेच झाले. ‘ज्याला दिसतं त्यानं म्हणावं ते’ ही तक्रार आहे आणि ती देवापाशी केलेली आहे. तुम्ही केवळ ऐकणाऱ्या होतात. स्तोत्रसंहितेत अशा तक्रारींना मानाची जागा आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र काढून पाहा. बहुतेक विलापस्तोत्रे रडतरडत का होईना, शेवटी स्तुतीच्या वळणावर येतात. हे स्तोत्र येत नाही. आप्तमित्र दूर गेले, सोबतीला अंधार उरला, एवढे बोलून ते तिथेच थांबते. ज्यांनी ही स्तोत्रे एकत्र केली, त्यांना त्याखाली दिलाशाची एखादी ओळ जोडून देता आली असती, परंतु त्यांनी ती जोडली नाही. तेव्हा सत्ताविसावे आईंच्या तोंडी इतक्यात घालू नका. एखाद्या पहाटे अठ्ठ्याऐंशीवे वाचून दाखवा आणि त्यावर काहीही भाष्य करू नका.

आता त्या पाहुण्या बाईंचे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही गोष्टी नाकारतो. दुखण्याच्या मुळाशी दोष शोधायची खोड तेव्हाही होती आणि शिष्यांनाही होती, इतकाच त्या बाईंचा बचाव करता येईल. त्याच अध्यायाच्या शेवटी, आम्हाला दिसते असे छातीठोकपणे सांगणाऱ्या परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्राचे काटेकोर पालन करणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, येशू म्हणतो, की तुम्ही आंधळे असता तर तुमच्याकडे पाप नसते, पण आम्हाला दिसते असे म्हणता म्हणून तुमचे पाप तसेच राहते. पुन्हा त्या आल्या तर वाद घालत बसू नका. हा अध्याय त्यांच्यासमोर मोठ्याने, अगदी शेवटपर्यंत वाचा.

हे सदर आत्मिक प्रश्नांचे असले तरी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस निकामी होत जाते, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही; थेंब घालायचे ते जे उरले आहे ते टिकवण्यासाठी आणि डोळ्यातला दाब आटोक्यात ठेवण्यासाठी. आईंना खिडकीचा उजेड अजून कळतो. तो थोडका नाही. थेंब बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांचा आहे, आईंचा नाही आणि प्रार्थनेला येणाऱ्यांचा तर नाहीच. शिवाय हा आजार रक्ताच्या नात्यात उतरण्याचा संभव जास्त असतो, म्हणून तुम्ही आणि तुमच्या भावंडांनीही डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्यावी. सुरुवातीला ना दुखते ना खुपते. कळते तेव्हा बरेच गेलेले असते.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. पवित्र शास्त्रात प्रकाशाचा पहिला उल्लेख पहिल्याच पानावर आहे, आणि तिथला क्रम मला नेहमी विचारात पाडतो. जलाशयावर अंधार आहे, देव बोलतो, आणि मग प्रकाश होतो. म्हणजे शब्द आधी आणि उजेड नंतर. सूर्यचंद्र तर चौथ्या दिवशी येतात. जो प्रकाश सूर्याच्याही आधीचा आहे, तो डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडापुरता असणार नाही, हे जुन्या काळापासून भाष्यकारांच्या ध्यानात आले होते. आपल्याकडे घरात ‘उजेड’ म्हणतात आणि शास्त्रात ‘प्रकाश’. या दोन शब्दांमध्ये जेवढे अंतर आहे, तेवढ्यात तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मावते. आईंचा उजेड गेला आहे. त्याबद्दल रडणे रास्त आहे आणि कोणत्याही वचनाने त्याची भरपाई होत नाही. प्रकाश गेला आहे का, हा वेगळा प्रश्न आहे.

‘मी जगाचा प्रकाश आहे’ हे वाक्य येशू कुठे आणि केव्हा उच्चारतो, ते पाहू या. मंडपांच्या सणाचे दिवस आहेत. यहुदी परंपरेत या सणाचे जे वर्णन जपलेले आहे, त्यानुसार मंदिराच्या स्त्रियांच्या अंगणात सोन्याच्या मोठाल्या दीपमाळा पेटवीत. शिड्यांवरून तरुण याजक तेलाचे घडे घेऊन वर चढत, आणि वाती याजकांच्या जीर्ण झालेल्या वस्त्रांच्या चिंध्यांच्या असत. काकडआरतीचा काकडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना कापडाची वात कशी जळते ते सांगायला नको. त्या रात्री यरुशलेमेतले एकही अंगण उजळल्यावाचून राहत नसे, असे म्हणत. योहान सांगतो, की येशू हे बोलला तेव्हा तो खजिन्यापाशी शिकवीत होता, आणि ती जागा त्याच अंगणातली. साऱ्या शहराने डोळे भरून पाहिलेल्या त्या दिव्यांच्या सावलीत तो स्वतःला जगाचा प्रकाश म्हणवतो. आणि पुढच्याच अध्यायात हेच शब्द पुन्हा उच्चारून ज्याच्याकडे वळतो, तो कोण? तर ज्याने ते दिवे एकदाही पाहिलेले नाहीत असा माणूस.

आता या माणसाच्या बाजूने ती घटना घडताना पाहा. त्याला येशू दिसत नाही. कोणी तरी थुंकून माती कालवतो आहे याचा आवाज, मग पापण्यांवर ओला गार चिखल, आणि ‘जा, शिलोहाच्या तळ्यात धू’ एवढे शब्द. एवढ्यावर तो निघतो. गल्लीबोळांतून, उतारावरून, लोकांच्या धक्क्यांतून तो तळ्यापर्यंत जातो, तेव्हा तो आधीइतकाच आंधळा असतो. उलट डोळ्यांवर चिखल असल्याने थोडा अधिकच. दृष्टी आल्यावरही ज्याने ती दिली, त्याचा चेहरा त्याला ठाऊक नसतो. तो त्याला दिसतो अध्यायाच्या अखेरीस, सभास्थानातून हाकलला गेल्यावर. आणि तेव्हाही येशू त्याला काय म्हणतो? ‘तू त्याला पाहिले आहेस, आणि तुझ्याशी बोलत आहे तोच तो आहे.’ त्या माणसाला ओळख पटायची ती आवाजावरूनच पटणार होती. जगाचा प्रकाश त्याच्या आयुष्यात आला तो आधी बोटांचा स्पर्श आणि आवाज होऊन, आणि त्या आवाजाच्या भरवशावर तो जी वाट चालला, ती सगळी न दिसता चालला. ख्रिस्ती श्रद्धेतल्या प्रकाशाची मला ठाऊक असलेली सर्वांत नेमकी व्याख्या त्या तळ्याच्या वाटेवर आहे. तुमच्या आई आज जिथे आहेत, तीही तीच वाट, इतकेच मी म्हणेन. तळ्यावर काय होईल, हे मला सांगता येणार नाही. सर्वांचेच डोळे उघडत नाहीत, आणि ज्यांचे उघडत नाहीत त्यांचा विश्वास कमी असतो असे शास्त्र म्हणत नाही.

याच शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातल्या पाचव्या ओवीचे ग्रीक मला या संदर्भात फार मोलाचे वाटते. प्रकाश अंधारात प्रकाशतो आणि अंधाराने त्याचे काय केले नाही, हे सांगणाऱ्या क्रियापदाला दोन अर्थ आहेत : समजून घेणे, आणि झडप घालून ताब्यात घेणे. भाषांतरकाराला बहुधा एक पत्करून दुसरा सोडावा लागतो. मराठीत मात्र ‘ग्रहण’ हा शब्द दोन्ही अर्थांना पुरून उरतो, कारण आपण विद्याही ग्रहण करतो आणि सूर्यालाही ग्रहण लागते. अंधाराला त्या प्रकाशाचे ग्रहण करता आले नाही आणि त्याला ग्रहण लावताही आले नाही. आई शिक्षिका होत्या, भाषेच्या अंगाने त्यांना ही गंमत आवडेल. अध्यात्म म्हणून नव्हे, व्याकरण म्हणून सांगा.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहा. आंधळेपणाचे अध्यात्म करू नका. चौथ्या शतकातल्या निस्साच्या ग्रेगरीने मोशेच्या चरित्रावर लिहिताना दाखवले आहे, की मोशे आधी जळत्या झुडपाच्या प्रकाशात देवाला भेटतो, मग ढगात आणि अखेरीस गडद अंधारात; जवळीक वाढते तसा अंधार वाढत जातो. विचार खोल आहे आणि शास्त्राला धरून आहे, पण तो ज्याचा त्याने आपल्या अंधाराविषयी करायचा असतो, दुसऱ्याच्या अंधाराविषयी नव्हे. घरी येणाऱ्यांपैकी कोणी आईंना आदराने ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणू लागले, तर शक्य तितक्या लवकर विषय बदला. आईंना चष्मा पुसून वर्तमानपत्र वाचायचे होते, प्रज्ञा नको होती.

आणि खरे तर आईंचे नेमके काय गेले आहे? तुमच्या पत्रात त्याचे उत्तर आहे, तुमच्या लक्षात आले आहे की नाही ते मला माहीत नाही. शरणपूरच्या जुन्या मंडळीत मेणबत्त्यांचे प्रस्थ कधी फारसे नव्हते; तिथे प्रकाश म्हणजे वचन. ‘तुझे वचन माझ्या पावलांसाठी दिव्यासारखे’ हे एकशे एकोणिसाव्या स्तोत्रातले वाक्य त्या घरांतून मुले पाठ करीत मोठी झाली. पहाटे साडेचारचा तो टेबलावरचा दिवा गेला, म्हणजे त्यांचे वचन गेले. सत्ताविसाव्या स्तोत्राला त्या उठून गेल्या, त्याचे कारण हे असू शकेल, की ते दुसऱ्याच्या तोंडून, संध्याकाळी, चारचौघांत ऐकावे लागले. त्यांचे स्तोत्र पहाटेचे आणि एकटीचे होते. तेव्हा तो नेम परत आणता येईल का, ते पाहा. मोबाइलवर मराठी शास्त्राचे ध्वनिमुद्रण मिळते आणि दुपारी ते ठीकच आहे, पण पहाटे घरच्या माणसाचा आवाज असावा. तुम्हीच वाचले पाहिजे असे नाही. सातवीतला मुलगा अडखळत वाचेल, जोडाक्षरावर अडेल, आणि आजी अंथरुणातून त्याला दुरुस्त करतील, कारण ते सारे त्यांना पाठ असणार. आठवड्यातून दोन पहाटा जमल्या तरी पुष्कळ. रोजचा आग्रह धराल तर पंधरवड्यात मुलगा कंटाळेल.

त्या वचनातल्या दिव्याविषयी एक बारीक गोष्ट. त्या काळचा दिवा म्हणजे तळहातावर मावणारी मातीची पणती. चोचीत वात, पोटात ऑलिव्हचे तेल. तिच्या उजेडात पुढचे पाऊल दिसते, वळणापलीकडचा रस्ता नाही. आईंना आज पलंगापासून दरवाजापर्यंत किती पावले ते मोजून ठेवावे लागते. स्तोत्रकर्त्याला हा हिशेब कळला असता.

मुलाचे वाचन सुरू झाले, की एखाद्या पहाटे त्याला शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला तिसरा अध्याय वाचायला द्या. वृद्ध याजक एलीचे डोळे मंद झाले आहेत, त्याला दिसत नाही. मंदिरातला दिवा संध्याकाळपासून सकाळपर्यंत तेवत ठेवायचा असे, म्हणून ‘देवाचा दिवा अजून विझला नव्हता’ याचा अर्थ पहाट झालेली नव्हती. म्हणजे जवळपास तुमच्या आईंचीच वेळ. दिव्यापाशी झोपलेल्या पोराला हाक ऐकू येते. पोराचे डोळे चांगले, कान चांगले, दिवा डोळ्यांसमोर. तरी हाक कोणाची ते त्याला कळत नाही, आणि तो तीनदा धावत एलीकडे जातो. ओळखतो तो न दिसणारा म्हातारा : ही हाक परमेश्वराची आहे, जा, निजून राहा, पुन्हा आली तर अमुक म्हण. एली काही आदर्श पुरुष नव्हता, स्वतःचे मुलगे त्याला आवरले नव्हते. पण त्या रात्री दिवा ज्याच्या उपयोगी पडला नाही त्यानेच मुलाला वाट दाखवली. या गोष्टीचे तात्पर्य मुलाला समजावून सांगू नका. आजी सांगतील, किंवा सांगणार नाहीत.

राहता राहिला ईस्टरच्या आदल्या रात्रीचा प्रश्न. आधी आईंना विचारा. त्यांची मंडळी वेगळी, उपासनेची सवय वेगळी. नको म्हणाल्या तर नको. पण विचारताना तो विधी कसा असतो ते नीट सांगा, कारण तुम्ही त्याला मेणबत्त्यांचा सोहळा समजता आहात आणि त्याची सुरुवात मेणबत्त्यांपासून होत नाही. चर्चमधले सगळे दिवे मालवलेले असतात. बाहेर आवारात विस्तव पेटवून त्यावर पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस, ग्रीक वर्णमालेतले पहिले आणि शेवटचे अक्षर, चालू वर्षाचे आकडे आणि धुपाचे पाच खडे असतात. मग ती एकटी मेणबत्ती काळोख्या चर्चमध्ये शिरते, आणि तीनदा थांबून ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ अशी गाऊन घोषणा होते, जिला लोक ‘देवाला धन्यवाद’ म्हणून उत्तर देतात. मागे बसलेल्यांना सुरुवातीला जवळजवळ काहीच दिसत नसते. लोक बाकांना अडखळतात, शेजाऱ्याचा पाय तुडवतात, मुले आयांना घट्ट धरतात. त्या सबंध चर्चमध्ये अंधारात वावरायची सवय असलेली एकच व्यक्ती त्या वेळी असेल, आणि ती तुमची आई. लाइट गेल्यावर घरात आगपेटी कोणाला सापडते, हे आपण सर्वांनी लहानपणी पाहिलेले आहे.

त्यानंतर जे होते, त्यातले पुष्कळसे कानांचे, नाकाचे आणि हातांचे आहे. जळणाऱ्या मेणाचा आणि धुपाचा वास, वातीवरून वात पेटताना होणारी बारीक चुरचुर, शेकडो ज्योतींनी हळूहळू चढत जाणारी ऊब. पास्काचे जे दीर्घ स्तुतिगान गायले जाते, त्यात मेण तयार करणाऱ्या मधमाश्यांचीही आठवण काढलेली असते. आणि त्यानंतरचे पहिले वाचन असते उत्पत्तीचे : अंधार, देवाचे बोलणे, प्रकाश. ते आईंना तोंडपाठ आहे, आणि ते ऐकायचेच असते. वाचने बरीच असतात, म्हणून मधल्या वाटेच्या कडेची, पाठ टेकता येईल अशी जागा लवकर जाऊन धरा, आणि त्यांना थकवा आला तर अर्ध्यावरून उठायला संकोच करू नका.

त्यांना मेणबत्ती द्यावी का? द्या. तुमच्या जाऊबाई किंवा आणखी कोणी, डोळे परत यावेत म्हणून ती लावा असे म्हणतील. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला येणारे आणि वांद्र्याच्या मोत माउलीला (माउंट मेरीला) मेणाचे डोळे वाहणारे भाविक मी पाहिले आहेत, त्यांची थट्टा माझ्याच्याने होणार नाही, पण त्या रात्रीची मेणबत्ती नवसाची नसते. ती घेतलेली असते आणि पुढे द्यायची असते. म्हणून तुमची मेणबत्ती आधी पेटवून घेऊन तिने आईंची पेटवू नका. शेजारून आलेली ज्योत आधी आईंच्या वातीला लागू द्या, लागली की तसे त्यांना कानात सांगा, आणि मग तुम्ही व तुमच्या मुलाने आपल्या मेणबत्त्या त्यांच्या मेणबत्तीवर पेटवून घ्या. मुलाला आधी घरी सांगून ठेवा, की आजीचा हात धरून वळवायचा नाही, आपली वात तिच्या ज्योतीपाशी न्यायची. खिडकीचा उजेड त्यांना कळतो, तेव्हा चेहऱ्याजवळची ज्योत कदाचित जाणवेलही. पण ‘दिसतं का गं?’ असे विचारू नका.

आणि मेणबत्तीला खालून पुठ्ठ्याची रुंद चकती घाला. चर्चमध्ये देतात ती पुष्कळदा कागदी आणि लहान असते, आणि त्यांचा हात थरथरतो असे तुम्हीच लिहिले आहे.